ग्रंथाआधीचे शब्द

मराठीतून पीएचडी झालेले प्राध्यापक आपला थिसिस एखाद्या प्रकाशनसंस्थेकडे किंवा विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाकडे पाठवतात, तेव्हा सोबतच्या पत्राचा मथळा बहुधा ठरलेला असतो : ‘पुस्तक प्रकाशित करण्याबाबत विनंती अर्ज’. खाली ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात, मग पद, महाविद्यालय, पदव्या, परिषदांत वाचलेल्या निबंधांची यादी, आणि अखेरीस ‘तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’. पुस्तकात काय आहे, ते कोणी वाचावे आणि का, याच्या वाट्याला दोन ओळी येतात. हीच मंडळी स्टाफरूममध्ये मात्र ‘प्रपोजल पाठवलंय’ असे म्हणतात. बोलण्यात प्रपोजल आणि कागदावर अर्ज, यांच्यामध्ये ‘प्रस्ताव’ हा शब्द हरवतो. तो हरवू नये असे मला मनापासून वाटते. प्रकाशकाला लेखकाकडून जे हवे असते, ते जवळजवळ सगळे त्या शब्दाच्या इतिहासात आहे.

आधी अर्ज. शब्द अरबी, मूळ अर्थ ‘पुढे ठेवणे, दाखवणे’. फारसी दरबारात तो वरिष्ठापुढे ठेवायच्या मागण्यासाठी रूढ झाला आणि मराठीत आला तो त्याच अर्थाने. अर्ज, अर्जदार, अर्जविनंत्या या सगळ्यांत मागणारा खाली उभा असतो आणि देणारा वर बसलेला असतो. म्हणून अर्जात माणूस स्वतःविषयी लिहितो : माझी पात्रता, माझी सेवा, माझी अडचण. बदलीसाठी किंवा पिकाच्या नुकसानभरपाईसाठी ते योग्यच आहे, कारण तिथे मागणी माणसाचीच असते. पुस्तकाच्या बाबतीत मात्र अर्जदार पुढे येतो आणि पुस्तक मागे राहते.

प्रस्तावाची गोष्ट वेगळी आहे. ‘स्तु’ म्हणजे स्तवन करणे, गाणे. त्याला ‘प्र’ लागला की पुढे होऊन गायला आरंभ करणे. सामवेदाच्या गायनात एका सामाचे पाच भाग मानतात : प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार, उपद्रव आणि निधन. मराठीत उपद्रव म्हणजे त्रास आणि निधन म्हणजे मृत्यू. सामगानात मात्र निधन हा सर्वांनी मिळून म्हणायचा शेवटचा भाग असतो. यातला पहिला भाग, प्रस्ताव, गाणाऱ्या ऋत्विजाला प्रस्तोता म्हणतात. म्हणजे मुळात प्रस्ताव हा गाण्याचाच पहिला तुकडा आहे. गाण्याबद्दलचे निवेदन किंवा गायला मिळावे म्हणून केलेली मागणी, असे त्याचे रूप नव्हते.

छांदोग्य उपनिषदात या प्रस्तोत्याची एक गोष्ट आहे. उषस्ति चाक्रायण नावाचा गरीब विद्वान एका यज्ञात पोहोचतो आणि गायला बसलेल्या प्रस्तोत्याला सांगतो की, प्रस्तावाची जी देवता आहे ती जाणून न घेता तू तो गाशील, तर तुझे मस्तक गळून पडेल. सगळे ऋत्विज थबकतात. मग प्रस्तोता विचारतो, ती देवता कोणती? उषस्ति उत्तर देतो : प्राण. पुस्तकाचा प्रस्ताव लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट वाचावी असे मी सुचवतो. पुस्तकाचा प्राण कशात आहे हे लेखकाला नेमके कळले नसेल तर प्रस्ताव पहिल्या परिच्छेदातच अडखळतो, आणि रोज असे वीस कागद वाचणाऱ्या संपादकाला ते लगेच जाणवते.

‘प्रस्तुत’ हाही याच धातूचा शब्द. जे सुरू झाले आहे ते प्रस्तुत, म्हणून चालू विषयाला धरून असलेले तेही प्रस्तुत. आणि ज्याचा चालू विषयाशी संबंध नाही ते अप्रस्तुत. परिषदांत वाचलेले सगळे निबंध, मिळालेले पुरस्कार, समित्यांवरच्या नेमणुका या पुस्तकाच्या प्रस्तावात बहुतेक वेळा अप्रस्तुतच असतात.

संस्कृत रंगभूमीने याच शब्दापासून ‘प्रस्तावना’ घडवली. नाटकाच्या आरंभी सूत्रधार येतो, नटीशी किंवा आपल्या सहकाऱ्याशी बोलतो, आणि बोलता बोलता नाटकाचे नाव, नाटककाराचे नाव आणि प्रसंग सांगून मोकळा होतो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ची प्रस्तावना तर आजच्या कुठल्याही विद्यापीठीय प्रकाशकाने नमुना म्हणून छापावी अशी आहे. सूत्रधाराचा सहकारी त्याला विचारतो : भास, सौमिल्लक, कविपुत्र असे नावाजलेले नाटककार असताना या आजकालच्या कालिदासाचे नाटक का करायचे? सूत्रधार उत्तर देतो की, जुने म्हणून ते सगळे चांगले असे नाही आणि नवे म्हणून ते वाईट असेही नाही. जाणते लोक पारखून निवडतात. आज केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या फॉर्ममध्ये ‘या विषयावरची उपलब्ध पुस्तके आणि तुमचे वेगळेपण’ असा जो रकाना असतो, तो हाच प्रश्न आहे. कालिदासाने प्रश्न टाळला नाही, पूर्वसूरींची नावे लपवली नाहीत आणि त्यांना खाली पाडूनही बोलला नाही. आपल्याकडच्या प्रस्तावांत मात्र ‘या विषयावर मराठीत अद्याप काहीही लिहिले गेलेले नाही’ हे वाक्य सर्रास दिसते. ते बहुधा खरे नसते. खरे असले तरी प्रकाशकाच्या मनात त्यातून शंकाच उभी राहते, की कोणी लिहिले नाही याचे कारण कोणाला वाचायचेच नव्हते असे तर नसेल?

प्रस्तावना हा शब्द मराठी ग्रंथव्यवहारात आला तो नाटकातून पुस्तकात. पुढे कोणा थोराने दुसऱ्याच्या पुस्तकाला लिहिलेला लेख असा अर्थ त्याला चिकटला. पण प्रस्तावनेने स्वतःच ग्रंथ व्हावे याचे मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. पांडुरंग वामन काणे ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाचे संपादन करीत होते. वाचकाला पार्श्वभूमी कळावी म्हणून त्याला धर्मशास्त्राचा इतिहास सांगणारी प्रस्तावना जोडावी असे त्यांच्या मनात आले. ती प्रस्तावना वाढत गेली आणि तिचा ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ झाला : पाच खंड, साडेसहा हजारांहून अधिक पाने. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने पहिला खंड 1930 मध्ये प्रसिद्ध केला आणि शेवटचा 1962 मध्ये. पुढच्याच वर्षी काण्यांना भारतरत्न मिळाले. प्रस्ताव हा ग्रंथाचाच पहिला भाग असतो, हे याहून ठळकपणे कुठे दिसणार?

इंग्रजी प्रपोजलचा जुना अर्थही पाहण्यासारखा आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये मोठे पुस्तक काढायचे तर आधी छापील ‘प्रपोजल्स’ वाटत. पुस्तक कसे असेल, किंमत किती, आगाऊ वर्गणी किती, हे त्यात असे. सॅम्युअल जॉन्सनने आपल्या कोशाचा आराखडा 1747 मध्ये छापला आणि कोश आला 1755 मध्ये. शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीची प्रपोजल्स 1756 ची आणि आवृत्ती 1765 ची. आपल्याकडे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी मर्यादित कंपनी काढून तिचे भाग विकले आणि 23 खंड पुरे केले. म्हणजे प्रस्ताव प्रकाशकाकडे पाठवायचा ही रीत पुढची. आधी तो थेट वाचकापुढे ठेवला जाई. आजही प्रस्ताव वाचणारा संपादक वाचकाच्या वतीनेच वाचत असतो.

पण प्रस्तावात नेमके काय लिहायचे, याचे सर्वांत नेटके उत्तर आपल्या शास्त्रपरंपरेत आहे, आणि त्याला नाव आहे अनुबंधचतुष्टय. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध ग्रंथारंभी सांगितले पाहिजेत असा दंडक होता. सदानंदांचा ‘वेदान्तसार’ हे चार सांगूनच पुढे जातो. त्याच्याही कितीतरी आधी कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’च्या आरंभी विचारले होते की, प्रयोजन सांगितले नाही तर ते शास्त्र हातात घेईल कोण? मराठीत अनुबंध म्हटले की आपल्याला ऋणानुबंध आठवतो. अर्थ तोच, मागोमाग बांधलेले. हे चार धागे वाचकाला ग्रंथाशी बांधतात. चारही शब्द आजच्या मराठीत रोजचे आहेत, पण झिजलेले आहेत. म्हणून एकेक उलगडून पाहावा लागतो.

विषय. जुन्या ताम्रपटांत विषय म्हणजे राज्याचा एक प्रशासकीय विभाग, साधारण जिल्ह्यासारखा. गुप्तांच्या आणि राष्ट्रकूटांच्या लेखांत विषय येतो, त्याचा अंमलदार विषयपती येतो. दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा तिथे बारकाईने लिहिलेल्या असतात : पूर्वेला कोणते गाव, दक्षिणेला कोणता ओढा. पुस्तकाचा विषय सांगायचा तर असाच सांगावा. ‘मराठी दलित आत्मकथने : एक अभ्यास’ हे विषयाचे नाव झाले, सीमा झाल्या नाहीत. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या लेखिका-लेखकांची, कोणत्या प्रश्नाच्या अंगाने, आणि काय मुद्दाम बाहेर ठेवले आहे? हे शेवटचे लोक लिहीतच नाहीत. बाहेर काय ठेवले ते सांगितल्याने विषय आकसत नाही, उलट लेखकाला आपला मुलूख ठाऊक आहे अशी खात्री वाचणाऱ्याला पटते.

प्रयोजन. ‘युज्’ म्हणजे जोडणे. योग, योजना, प्रयोग हे याच कुळातले, आणि बैलाच्या मानेवरचे ‘जू’ हे संस्कृत ‘युग’चे मराठी रूपही इथलेच. ज्याच्यासाठी स्वतःला जुंपून घ्यायचे ते प्रयोजन. ‘अभ्यासकांना उपयुक्त ठरेल’ हे प्रयोजन नव्हे. ते कोणत्याही पुस्तकाबद्दल म्हणता येते. हे पुस्तक वाचल्यावर त्या विषयाबद्दलचे कोणते प्रचलित मत टिकणार नाही, किंवा कोणती गोष्ट पहिल्यांदा दिसेल, ते एका वाक्यात सांगता यावे. हे वाक्य लिहायला कधी कधी सगळ्या प्रस्तावाहून जास्त वेळ लागतो. लागू द्यावा.

संबंध. शास्त्रकारांना अभिप्रेत होता तो ग्रंथ आणि विषय यांच्यातला संबंध : हा विषय या ग्रंथाने कसा कळतो. आजचा प्रकाशक त्याची कक्षा वाढवतो आणि विचारतो की, तुमच्या पुस्तकाचा इतरांच्या पुस्तकांशी काय संबंध? ते मालविकाग्निमित्राच्या निमित्ताने आलेच आहे.

आणि अधिकारी. चार शब्दांत सर्वांत जास्त बदललेला शब्द हा. मराठीत अधिकारी म्हणजे साहेब, तहसील कार्यालयात बसणारा. शास्त्रात अधिकारी म्हणजे हा ग्रंथ वाचायला योग्य असलेला माणूस : ज्याला तो हवा आहे, ज्याची पूर्वतयारी झाली आहे आणि ज्याला तो वाचून काही मिळणार आहे. अधिकार इथे सत्तेचा नाही, तयारीचा आहे. आमचे प्राध्यापक प्रस्ताव लिहिताना नेमके साहेब या अर्थाच्या अधिकाऱ्याला उद्देशून लिहितात आणि दुसऱ्या अर्थाच्या अधिकाऱ्याला विसरतात. ‘हे पुस्तक विद्यार्थी, शिक्षक, संशोधक आणि सर्वसामान्य वाचक या सर्वांसाठी आहे’ हे वाक्य मी इतक्या प्रस्तावांत वाचले आहे की ते दिसले की वाईट वाटते. सर्वांसाठी म्हणजे कोणासाठीच नाही. एम. ए.च्या कोणत्या विषयाच्या वर्गात ते लागेल? इतिहासवाला ते उचलेल की समाजशास्त्रवाली? त्या वाचकाला कोणत्या संज्ञा समजावून सांगाव्या लागतील आणि कोणत्या नाही? ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितले, ते समोर कोण बसले आहे हे माहीत असल्यामुळेच.

रामदासांनी तर हे सगळे मराठीत, साध्या शब्दांत करून ठेवले आहे. दासबोधाच्या पहिल्या दशकातल्या पहिल्या समासाचे नाव ‘ग्रंथारंभलक्षण’. सुरुवातच श्रोत्यांच्या प्रश्नांनी होते : ग्रंथ कोणता, त्यात काय सांगितले आहे, आणि तो ऐकून पदरात काय पडणार. त्यांची उत्तरे देताना रामदास आशयाची यादी देतात, आपण कोणकोणत्या गीता, उपनिषदे आणि इतर ग्रंथांच्या आधाराने बोलतो आहोत ते नावानिशी सांगतात, आणि ग्रंथ न वाचताच दोष ठेवणाऱ्यांनाही उत्तर देतात. परदेशी प्रकाशकाच्या फॉर्मातल्या रकान्यांपैकी अर्धे तरी या एका समासात भरलेले दिसतात. सतराव्या शतकातल्या मराठी संताला जे सुचले ते एकविसाव्या शतकातल्या संशोधकाला परके वाटावे, याचे मला दुःख होते.

आता प्रस्तावाच्या अंगांची नावे. प्रकरणवार सारांश मागतात, त्याला आपल्या दप्तरी भाषेत ‘गोषवारा’ हा सुंदर शब्द आहे. फारसीत ‘गोश’ म्हणजे कान आणि ‘गोशवारा’ म्हणजे कानातला डूल. फारसी हिशेबनिसांनी हाच शब्द जमाखर्चाच्या सारांशासाठी वापरला आणि तिथून तो मराठी दप्तरांत आला. आजही जिल्हा परिषदेच्या अहवालात तो भेटतो. प्रकरणाचा गोषवारा छोटा असावा, पण त्यात प्रकरणाचा हिशेब लागला पाहिजे : कोणता प्रश्न घेतला, कोणती साधने वापरली, काय हाती आले. ‘या प्रकरणात अमुकाचा आढावा घेतला आहे’ एवढ्याने हिशेब लागत नाही. आढाव्यातून निघाले काय, ते लिहावे. पीएचडीच्या नोंदणीसाठी लिहिलेला सिनॉप्सिस तसाच पाठवणारे पुष्कळ आहेत. तो पाठवू नये. काय शोधणार आहोत ते सिनॉप्सिसमध्ये असते. गोषवाऱ्यात काय सापडले ते हवे.

अनुक्रमणिकेचेही असेच. हा शब्द वैदिक अनुक्रमणींपासून आला. कात्यायनाच्या नावावर असलेली ‘सर्वानुक्रमणी’ ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद सांगते. नुसती मथळ्यांची माळ तिथे नाही. एकेका नोंदीवरून सूक्त डोळ्यांपुढे यावे अशी सोय आहे. ‘प्रकरण दुसरे : सामाजिक पार्श्वभूमी’ या नोंदीवरून काहीच डोळ्यांपुढे येत नाही. नाव बदलता येत नसेल तर ते प्रकरण खरोखर लागते का, हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारावा.

इथे थिसिसचे पुस्तक करण्याचा मुद्दा येतो, आणि इथे मराठी शब्दांनी एक मोठाच ठेवा राखला आहे. ग्रंथ म्हणजे बांधलेले, गुंफलेले. ताडपत्रांना भोके पाडून त्यांतून दोरी ओवून गाठ मारत. गाठ हा शब्द ‘ग्रंथि’चाच. प्रबंध आणि निबंध दोन्ही ‘बंध्’चे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात लिहिलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त प्रबंध हा गायनाचा बांधलेला प्रकार आहे. संदर्भ म्हणजेही एकत्र ओवणे. सूची म्हणजे मुळात सुई. टाचण म्हणजे कच्चे टाके घालून धरून ठेवलेले. पुस्तकाविषयीचे आपले निम्मे शब्द दोरा, सुई आणि गाठ यांचे आहेत. विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात संदर्भ आणि टाचणे भरपूर असतात, परीक्षकांना दाखवायला ती लागतातच. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाणारे एक सूत्र अनेकदा नसते. प्रस्तावात संपादक तेच शोधतो.

‘संशोधन’ या शब्दाचा प्रवासही या कामी येतो. ‘शुध्’ म्हणजे स्वच्छ करणे. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. घटनेत होते ते संशोधन. मराठीने त्याला नव्या शोधाचा अर्थ दिला. थिसिसचे पुस्तक करताना दोन्ही अर्थ लागतात. गृहीतके, उद्दिष्टे, संशोधनपद्धती यांची स्वतंत्र प्रकरणे काढावी लागतात, आधीच्या साहित्याचा आढावा जिथल्या तिथे विरघळवावा लागतो, अवतरणे निम्म्यावर आणावी लागतात. इंग्रजी विद्यापीठीय प्रकाशक साधारणपणे 80,000 ते 1,00,000 शब्दांचे पुस्तक पसंत करतात; आपले प्रबंध त्याहून बरेच लांब असू शकतात. हे शोधन आपण कसे करणार आहोत आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे प्रस्तावातच लिहिले तर अर्धा विश्वास तिथेच मिळतो.

मग येतो मसुदा. अरबीत ‘सवाद’ म्हणजे काळेपणा, ‘मुसव्वदा’ म्हणजे काळे केलेले. कच्च्या लेखाला हे नाव, आणि स्वच्छ प्रतीला ‘मुबय्यदा’, पांढरी केलेली. फारसी ‘सियाही’ची आपण शाई केली, तिच्याही मुळाशी काळा रंगच आहे. आणि दुसऱ्या टोकाला प्रकाशन : ‘काश्’ म्हणजे चमकणे, प्रकाशात आणणे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांवर ‘छापून प्रसिद्ध केले’ असे लिहिलेले असे. प्रकाशक हा शब्द त्यामानाने नंतर स्थिरावला. ‘प्रसिद्ध’ आणि ‘प्रकाशक’ या दोन्ही शब्दांत छापणे आणि लोकांपुढे नेणे ही कामे वेगळी धरलेली आहेत. पैसे घेऊन पंधरा दिवसांत आयएसबीएनसह पुस्तक हातात देणारे आज गावोगाव आहेत. ते छापतात, प्रकाशित करत नाहीत. त्यांना प्रस्ताव लागत नाही, कारण त्यांना वाचकच लागत नाही. पदोन्नतीच्या गुणांसाठी ज्यांनी चांगले संशोधन तिथे दिले, त्यांचे पुस्तक कपाटात राहिले, आणि त्या विषयाचेही नुकसान झाले.

विद्यापीठीय प्रकाशकाकडे प्रस्ताव गेला की पुढची वाट लांब असते. आधी संपादक वाचतो. त्याला पटले तर तो बाहेरच्या जाणकारांकडे, बहुधा दोघांकडे, पाठवतो. त्यांच्या अहवालांवर लेखकाचे उत्तर मागवतो. मग सगळे कागद विद्यापीठाच्या समितीपुढे जातात. ऑक्सफर्डमध्ये या समितीच्या सदस्यांना डेलिगेट म्हणतात, केंब्रिजमध्ये सिंडिक. हे सगळे होईपर्यंत कित्येक महिने जातात. या काळातल्या लेखकाच्या साऱ्या अवस्थांना संस्कृतने एकाच धातूतून नावे दिली आहेत. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. त्याला उपसर्ग लागत गेले : अपेक्षा, प्रतीक्षा, परीक्षा, समीक्षा आणि उपेक्षा. परीक्षा म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे. परीक्षकाचा कडक अहवाल आला की आपल्याकडे तो अपमान समजतात. वास्तविक कोणी तरी पुस्तकाला चारी बाजूंनी फिरून पाहिले, ही दुर्मीळ गोष्ट असते. भीती बाळगावी ती उपेक्षेची.

परीक्षकाच्या आक्षेपाला उत्तर कसे द्यावे, हेही शास्त्रकारांनी शिकवले आहे. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, आधी मांडायचा, तोही त्याच्या सर्वांत बळकट रूपात, आणि मग उत्तरपक्ष, म्हणजे आपले उत्तर. पक्ष म्हणजे पंख. मराठीतला पंख त्याच शब्दापासून झाला आहे. परीक्षकाच्या प्रत्येक मुद्द्याला क्रमाने उत्तर द्यावे. पटला तर काय बदलणार ते सांगावे, पटला नाही तर का नाही ते पुराव्याने सांगावे. ‘परीक्षकांना विषय समजला नाही’ असे कधीही लिहू नये. खरोखरच समजला नसेल, तर कोणते वाक्य नीट लिहिले नव्हते ते शोधावे.

शेवटी करार. अरबीत ‘करार’ म्हणजे स्थिरावणे, ठरणे. ज्याचे मन ठरत नाही तो बेकरार. करारातल्या कलमांकडे आमचे लेखक पाहतही नाहीत, सही करून मोकळे होतात. हा कलम शब्द लेखणीचाच आहे, ग्रीक ‘कालामोस’, म्हणजे बोरू, अरबीतून आपल्याकडे आला. निदान अनुवादाचे हक्क कोणाकडे राहतात ते कलम तरी नीट वाचावे. इंग्रजीत लिहिलेले पुस्तक उद्या मराठीत आणायचे असेल, तर सगळे त्यावर अवलंबून असते.

मराठी विद्यापीठांना आणि त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. पीएचडीची तोंडी परीक्षा झाली की विद्यार्थ्याकडून पाच पानांचा ग्रंथप्रस्ताव मराठीत लिहून घ्यावा : विषय आणि त्याच्या सीमा, एका वाक्यात प्रयोजन, आधीच्या पुस्तकांशी संबंध, अधिकारी वाचक कोण, आणि प्रत्येक प्रकरणाचा गोषवारा. त्याला गुण देऊ नयेत, तो फक्त वाचावा आणि त्यावर बोलावे. आणि मराठी प्रकाशकांनी आपल्या सूचीच्या शेवटी एक पान यासाठी राखून, आपल्याला प्रस्तावात काय हवे ते चार ओळींत छापावे. आज नव्या संशोधकाला हे सांगणारे मराठीत फार थोडे आहे.